पडवीत दुकान घातलं म्हणून घराण्याची अब्रू गेली म्हणे!



आज आठवणी कमी आणि भांडण जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं वय पंच्याहत्तर. बी.कॉम. होऊन १९७३ साली बँकेत लागलो, सदतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली. आता बेळगावात असतो. मूळ घर जोयडा तालुक्यात, जगलबेटच्या पुढे आत. आमचे वडीलधारे शेवटपर्यंत ‘सुपा तालुका’च म्हणायचे.

तर भांडणाचा विषय असा. त्या मूळ घराच्या पडवीत माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने आणि सुनेने गेल्या वर्षीच्या पाडव्याला छोटं दुकान सुरू केलं. किराणा, साबण, वह्या-पेनं, विड्या-काड्या, थोडी बिस्किटं, कोपऱ्यात चहाची किटली. घर पाडलं नाही. भिंत फोडली नाही. स्लॅब घातला नाही. जुन्या घराला जेवढा हात लावल्याशिवाय भागत नव्हतं, तेवढाच लावला. सगळं होईपर्यंत कुणी काही बोललं नाही, पण दुकानाचे फोटो फिरले आणि पुणे, ठाणे, बेळगाव, हुबळी इथल्या भाऊबंदांना एकदम घराची आठवण झाली.

आवाज तीन प्रकारचे आले. पहिला: ‘आजोबांच्या घरात चक्क दुकान? घराण्याची काही अब्रू आहे की नाही?’ दुसरा: ‘करायचंच होतं तर नीट करायचं. ते जुनाट पाडून दोन शटरचा गाळा बांधायचा, वर एक मजला काढायचा.’ तिसरा: ‘त्या रानात दुकान चालणार कुणाच्या जिवावर?’ फोनवर प्रत्येकाशी वेगळं भांडण्याचं माझं वय राहिलं नाही. म्हणून तिघांनाही इथेच उत्तर देतो. आणि हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. इथल्या निम्म्या लोकांचं गावाकडे असं एक घर आहे, ज्याची किल्ली कुणाकडे आहे हेसुद्धा नक्की माहीत नाही.

आधी अब्रूचं बघू.

आपल्या तालुक्याचं मूळ गाव सुपा. तिथे बाजार होता, कचेरी होती, देवळं होती. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८७ साली ते पुरं झालं आणि सुपा पाण्याखाली गेलं. कचेरी जोयड्याला आली, विस्थापितांची वस्ती रामनगरला वसली. ज्यांची घरं त्या पाण्यात गेली त्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला घर ठेवायचंय का. आज आपल्याला कुणी बुडवत नाहीये. आपली घरं उंचावर आहेत, कोरडी आहेत, आणि तरी एकेक करून पडत चालली आहेत. सुपा पाण्याने बुडालं, उरलेलं आपण कुलपाने बुडवतोय. कौलारू घर बंद ठेवलं की दोन पावसाळ्यांत एक कौल सरकतं, तिसऱ्या पावसाळ्यात त्याखालची रीप कुजते, मग वासा, मग पाणी भिंतीच्या डोक्यावर पडायला लागतं. मातीच्या भिंतीच्या डोक्यावर पाणी पडलं की पुढचं कुणाला सांगायला नको. घराला माणूस लागतं. रोज सकाळी दार उघडणारं, कौल सरकलं तर त्याच दिवशी वर चढणारं. वर्षातून एकदा येऊन नारळ फोडणाऱ्याला ते काम जमत नाही.

आणि ‘घरात दुकान’ म्हणजे कमीपणा, हे कुठून आलं? आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या बाजारपेठेत जाऊन बघा. बेळगावात बघा, खानापुरात बघा, कारवारात बघा, गोव्यात म्हापशा-मडगावला बघा. पुढे दुकान, मागे संसार, वर माडी. सावकारही तसेच राहायचे आणि सोनारही. पुण्याच्या मंडळींना पेशवाईचा फार अभिमान असतो, म्हणून त्यांच्यासाठी खास उदाहरण: दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात पेशवाई गेल्यावर तीनच वर्षांत, १८२१ साली, संस्कृत पाठशाळा भरायला लागली. पुढे त्या वाड्यात किती कचेऱ्या आल्या आणि गेल्या! वाडा उभा राहिला तो वापरात राहिला म्हणून. नारायण पेठेतला गायकवाडवाडा टिळकांनी घेतला आणि तिथून ‘केसरी’ निघाला. छापखान्याच्या खडखडाटाने त्या वाड्याची अब्रू गेली नाही. आज लोक त्याला केसरीवाडा म्हणूनच ओळखतात. मग आमच्या पडवीत तुरीची डाळ मोजली तर काय बिघडलं?

आमच्या घराचं तर विचारूच नका. ज्या आजोबांच्या अब्रूची इतकी काळजी वाहिली जाते, ते आजोबा त्याच पडवीत तराजू टांगून बसायचे. मीठ, गूळ, तंबाखू, रॉकेल. पावसाळ्याआधी मिठाच्या गोण्या बैलगाडीने यायच्या. आसपासच्या वाड्यांवरचे कुणबी येऊन मीठ न्यायचे आणि त्या बदल्यात भात किंवा नाचणी ठेवून जायचे. तराजूची लोखंडी कडी अजून तुळईला आहे. आजोबांनी तिथे दुकान घातलं हे कुणाला आठवत नाही, कारण नंतर आम्ही सगळे नोकऱ्यांना लागलो आणि दुकानदारी आम्हाला हलकी वाटायला लागली. मी स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांना कर्जं देऊन पेन्शन खातोय. दुकानदाराला हलकं समजणं मला परवडणार नाही.

आता दुसरा आवाज. ‘पाडा आणि नवं बांधा.’ हा आवाज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. इथे मी बँकवाला म्हणून बोलणार आहे, कंटाळा आला तरी हिशेब वाचा.

पुतण्याला एका कंत्राटदाराने आकडा दिला होता: जुनं घर उतरवून पुढच्या बाजूला दोन गाळे, स्लॅब, लोखंडी शटर, सगळं मिळून बारा लाख. दोन लाख घरचे घाला, दहा लाख कर्ज काढा. ‘जुन्या लाकडाचे पैसे वजा करून देतो,’ असंही तो म्हणाला होता. ते वाक्य मंडळींनी नीट ऐकावं. तुमच्या घरातलं जुनं सागवान, फणस, किंजळ याला गिऱ्हाईक आधीपासून तयार असतं. घर पाडायचा सल्ला देणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे, हे सल्ला घेण्याआधी विचारावं.

दहा लाख कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षं मुदत धरा. महिन्याचा हप्ता होतो सुमारे १६,६००. खेड्यातल्या किराणा दुकानात सगळ्या मालावर मिळून शंभराला दहा रुपये सुटले तरी नशीब म्हणायचं. म्हणजे नुसता हप्ता भरायला महिन्याला १,६६,००० रुपयांची विक्री पाहिजे. दिवसाला साडेपाच हजार. त्यानंतर वीज, त्यानंतर गाडीभाडं, त्यानंतर उधारी बुडाली ती, आणि सगळ्यात शेवटी पोटाला. आमच्या वाडीला आणि शेजारच्या दोन वाड्यांना मिळून साठ-सत्तर घरं. २०११ च्या जनगणनेत सगळ्या जोयडा तालुक्याची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती, आणि तीही एवढ्या मोठ्या रानात विखुरलेली. पुण्यातल्या एका वॉर्डात याहून जास्त माणसं राहत असतील. दिवसाला साडेपाच हजार कोण देणार?

अजून एक. त्या बारा लाखांत माल कुठे होता? ‘माल नंतर बघू.’ हे ‘नंतर बघू’ मी नोकरीत किती वेळा ऐकलं! कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की भांडवल दोन प्रकारचं: एक स्थिर, एक खेळतं. पोट खेळत्यावर भरतं. आणि आपली माणसं सगळा पैसा भिंतीत घालून खेळत्यासाठी हात पसरतात. एका तालुक्याच्या गावी मी असताना दोन कर्जं माझ्या डोळ्यांसमोर होती. एकाने झगझगीत गाळा बांधला, काचेची शोकेस केली, आत माल जेमतेम चौथ्या भागात. आलेलं गिऱ्हाईक ‘हे नाही, ते नाही’ ऐकून पुढच्या दुकानात जायचं. दीड वर्षात खातं थकलं. दुसऱ्या बाईने राहत्या घराच्या पुढच्या खोलीत फक्त एक खिडकी मोठी केली आणि सगळे पैसे मालात घातले. तिचं कर्ज मुदतीआधी फिटलं, वर दुसरं मागायला आली. आम्ही आनंदाने दिलं. दुकान बंद पडतं ते भिंत जुनी म्हणून नव्हे. मांडणीवर माल नाही म्हणून ते बंद पडतं.

आता आमचा खर्च ऐका. रुपया न् रुपया वहीत आहे, कुणालाही दाखवीन.

शाकारणी, म्हणजे फुटकी कौलं, कुजलेल्या रिपा आणि मजुरी: २८,०००. पडवीच्या फळ्या आणि सुतार: १४,५००. वायरिंग आणि दुकानाचा वेगळा मीटर: ११,०००. मांडण्या आणि काउंटर: १६,५००. जमिनीची डागडुजी आणि पायरी: ९,०००. चुना आणि किरकोळ: ५,०००. घराला हात लावला तो एवढाच, ८४,००० चा. वजनकाटा आणि लहान फ्रीज २६,०००. आणि माल ९०,०००. एकूण दोन लाख. त्यात ८०,००० घरचे, १,२०,००० मुद्रा कर्ज. पन्नास हजारांच्या वर गेलं की ते ‘किशोर’ गटात बसतं, तारण लागत नाही. पाच वर्षांची मुदत आणि तेच दहा टक्के धरले तर हप्ता सुमारे २,५५०. तो सुटायला दिवसाला साडेआठशेची विक्री पुरते. कुठे साडेपाच हजार आणि कुठे साडेआठशे! यापुढे कुणी मला ‘नीट करायचं होतं’ म्हणालं तर मी हे दोन आकडे पुढे ठेवणार.

काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही, तेही सांगतो, कारण ज्यांच्या मनात असं काही आहे त्यांना उपयोग होईल.

शटर लावलं नाही. शटरला वर भक्कम तुळई लागते, बाजूला चौकट लागते, आणि ते रोज दोनदा खाडकन ओढायचं. मातीच्या भिंतीला तो हिसका सोसत नाही. शिवाय आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी जुन्या पद्धतीच्या फळ्या केल्या. खाली उंबऱ्याला खाच, वर आडव्या लाकडाला खाच, आणि मध्ये एकेक फळी सरकवायची. अकरा फळ्या आहेत, त्यावर सुताराने १ ते ११ आकडे कोरलेत. शेवटच्या फळीला आडवी पट्टी आणि कुलूप. सात फळ्या माळ्यावर पडून होत्या, आजोबांच्या वेळच्याच, चारच नवीन कराव्या लागल्या. उद्या दुकान बंद करायचं झालं तर फळ्या काढा, माळ्यावर टाका, पडवी पुन्हा पडवी.

भिंतीला सिमेंटचा गिलावा केला नाही. गवंडी हट्टाला पेटला होता की ‘सिमेंट मारल्याशिवाय दुकान दिसत नाही.’ मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि पुढे उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, दोन वर्षांत गिलावा फुगतो आणि पडताना जुनी माती घेऊन पडतो. म्हणून मातीनेच भेगा भरल्या आणि वर चुन्याचे तीन हात दिले. उजेडही चांगला पडतो.

भिंतीत एक खिळा ठोकला नाही. मांडण्या जमिनीवर उभ्या आहेत, भिंतीपासून चार बोटं सुटी जागा ठेवून. वजन सगळं जमिनीवर जातं, मागून वारा खेळतो, आणि वाळवी चढायला लागली तर लगेच दिसते. पोती थेट जमिनीवर ठेवायची नाहीत. खाली दगड, त्यावर फळी, मग पोतं. काउंटर म्हणजे आजीची भाताची पेटी, वर एक सागवानी फळी टाकून. तिच्या पोटात आता साखर असते.

छपराला पत्रा घातला नाही. मंगळुरी कौल म्हणजे आपल्या किनाऱ्याने शोधलेलं सोनं आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हे कौल सगळीकडे पसरलं. एक फुटलं तर एक बदला, सगळं छप्पर उघडावं लागत नाही. पत्र्याखाली मे महिन्यात माणूस शिजतो, चॉकलेटं वितळतात आणि पावसात गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू येत नाही. उजेडासाठी चार कौलं काढून तिथे काचेची बसवली, बस्स. दिवसा दिवा लावावा लागत नाही.

वायरिंग मात्र सगळं नवीन. त्यात काटकसर केली नाही. जुन्या लाकडाच्या घरात जुनी वायर ठेवणं म्हणजे स्वतःच आग लावणं. पाइपमधून, बाहेरून, भिंत न खोदता नेलं.

देवघर, माजघर, तुळस, मागचं परसू यांना स्पर्शही केला नाही. दुकान आणि घर यांच्यामधलं दार दुकानाच्या वेळात आतून बंद असतं. सूनबाईचाच तो आग्रह होता आणि तो बरोबर होता. गिऱ्हाईक पडवीत, संसार माजघरात.

माझं म्हणणं असंही नाही की कुठलंच घर पाडू नये. पाया खचला असेल, भिंतीने बाहेर पोट काढलं असेल, मुख्य तुळई वाळवीने आतून पोकळ झाली असेल, तर भावनेत न अडकता उतरवा. माणसाच्या डोक्यावर पडणारं घर कुणाच्या आजोबांचंही असो, धोक्याचंच. पण हे ठरवायला जाणता सुतार आणि जुना गवंडी आणा. तुळईला खिळा टोचून बघेल, ओळंबा धरून बघेल. ज्याला पाडायचं कंत्राट मिळणार आहे, त्यालाच ‘पाडू का?’ विचारू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे सगळी भाऊबंदकी अडते. घर एकट्याचं नसतं. आमच्या घराला सात वारस आहेत. पाडायचं म्हटलं की सातांच्या सह्या, सातांचे वाटे, सातांचे संशय. ‘पुढची बाजू त्याने घेतली, मला मागची.’ मी कितीतरी घरं अशी बघितली की पाडायचं ठरलं, अर्धं उतरवलं, भांडण लागलं आणि अर्धी भिंत पावसात विरघळून गेली. थोडा बदल करण्याचा खरा फायदा इथे आहे, मंडळी. जे केलं ते परत पूर्ववत करता येतं. कुणाच्या वाट्याला धक्का लागत नाही, म्हणून कुणाला सही करायला भीती वाटत नाही. आम्ही साधा कागद केला: घराची मालकी आहे तशी सगळ्यांची, पडवी आणि लगतची खोली पुतण्याला दुकानासाठी, भाडं म्हणून दरवर्षीची शाकारणी त्याने करायची, भिंत, खांब, तुळई यांना कुणाला न विचारता हात लावायचा नाही, दुकान बंद झालं तर जागा मोकळी करून द्यायची. सातांच्या सह्या घेतल्या, अकरा महिन्यांचा भाडेकरार वेगळा केला, पंचायतीचा परवाना आणि खाद्यपदार्थांची नोंदणी काढली. कर्जाच्या फाइलला हे कागद लागलेच. सात सह्यांपैकी दोन अब्रूवाल्यांच्याच आहेत, हे इथे नम्रपणे नोंदवतो. सही करताना त्यांनी वाचलं नसेल तर तो दोष कागदाचा नाही.

राहिला तिसरा आवाज. ‘चालणार का?’

रोजची विक्री सरासरी अठ्ठावीसशेच्या आसपास आहे. महिन्याला ८४,००० धरा. चहा धरून शंभराला अकरा सुटतात, म्हणजे सव्वानऊ हजार. हप्ता आणि वीज जाऊन सहा हजार हातात राहतात. पुण्यातल्या मंडळींना हा आकडा ऐकून हसू येईल. पण त्या घराला भाताचं शेत आहे, थोडी सुपारी आहे, दोन म्हशी आहेत. त्यावर हे महिन्याचे रोख सहा हजार. पुतण्या सात वर्षं गोव्यात कारखान्यात होता. खोलीभाडं, खाणावळ आणि येणं-जाणं वजा केलं तर याहून फार जास्त उरत नव्हतं, आणि मुलगी बापाला सणालाच बघायची. आता ती शाळेतून येते आणि काउंटरवर बसून पाढे म्हणते.

आणि चालतं का, तर वाडीला त्याची गरज होती म्हणून. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रामनगरच्या बाजाराला जाणं होत नाही. म्हाताऱ्या बाईला एक किलो साखर आणायला पन्नास रुपये रिक्षाला घालावे लागत होते. आता ती काठी टेकत येते, पडवीच्या कट्ट्यावर बसते, साखर घेते, चार गोष्टी सांगते. मोबाइलवरून माल मागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, आमच्या वाडीत अजून रेंज झाडावर चढून शोधावी लागते. हंगामात कुणबी बायका मुडली, कणगी, आमसुलं आणतात, सूनबाई ती ठेवून घेते आणि दांडेलीच्या वाटेवरच्या गाड्यांना विकते. जोयड्याला दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरतो, तिथे शहरातले लोक हेच कंद हौसेने घेतात. पडवीतल्या दुकानाला तो माल रोज दारात येतो.

उधारीची वही आहे. असणारच. पण मी एक नियम घालून दिलाय: एका घराची उधारी पाचशेच्या वर नाही, आणि भात विकला की आधी ती वही. आणि रोज संध्याकाळी शंभर रुपये वेगळ्या डब्यात. याला आपल्या भागात कुणी नवीन म्हणणार नाही. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करत पिग्मी सुरू केली, त्याच शिकवणीवर आपल्या कितीतरी दुकानदारांची घरं उभी राहिली. रोजचे शंभर, म्हणजे महिन्याचे तीन हजार, त्यात हप्ता निघतो आणि थोडे उरतात. महिन्याच्या शेवटी धावाधाव नाही.

तेव्हा भाऊबंदांनो, आता माझं मागणं ऐका. दरवर्षी गणपतीला गावी जाऊन घराचे फोटो काढून ‘आमचं वैभव’ म्हणून टाकता. त्यापेक्षा तीन कामं करा. एक, घराच्या वारसांची यादी करा आणि खात्यावर कुणाची नावं आहेत ते पंचायतीत जाऊन बघा. अर्ध्या घरांत अजून मेलेल्या माणसांच्या नावावर चाललंय. दोन, गावात राहिलेल्या पुतण्याला, भाचीला, चुलत भावाला विचारा की पडवीचं तुला काय करता येईल. दुकान, पिठाची गिरणी, शिवणकाम, दुधाचं संकलन, काहीही. जो राहतोय त्याचा पहिला हक्क. तीन, तो हो म्हणाला तर लेखी संमती द्या आणि एका वर्षाच्या शाकारणीचे पैसे द्या. माझ्या हिशेबात अठ्ठावीस हजार. सात जणांत चार हजार येतात. मुलांना एकदा मॉलमध्ये नेलं की तेवढे जातात.

हे तीनही जमत नसेल तर निदान एक करा. जो पडवीत बसून डाळ मोजतोय त्याला फोन करून अब्रू शिकवू नका. तुमचं घर आज उभं आहे ते त्याच्यामुळे.

मे महिना जवळ आलाय. कौलं पावसाआधी बघायची असतात. ज्यांना चार हजार द्यायचे आहेत त्यांनी पुतण्याच्या खात्यावर थेट भरावेत, पावती मी पाठवीन. अजूनही मी पावती दिल्याशिवाय पैसे घेत नाही.

– एक निवृत्त बँकवाला, मुक्काम बेळगाव, मूळ सुपा तालुका